हमीदभाईंचा तळहात

लातूरपासून निलंग्यापर्यंत आणि तिथून खाली कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत आज जेवढे संसार सुखानं चालले आहेत, त्यांतले निम्मे हमीदभाईंच्या डाव्या तळहातामुळे चालले आहेत. उरलेले निम्मे आपापल्या नशिबानं. माझ्या बोलण्यातलं पायलीमागं शेरभर पाखडून टाकायची आमच्या घरातच पद्धत आहे, तेव्हा तुम्हीही टाका. पण तळहाताचं तेवढं खरं आहे.

हमीदभाई लग्नाचे फोटो काढायचे आणि मी त्यांच्या उजव्या खांद्याशी उभा राहून व्हिडिओ. एकोणीस वर्षं. लातुरात बाजारामागच्या एका बोळात आमचं दुकान होतं. ते इतकं अरुंद, की आत कुणी शिंकलं की बाहेर पाटीवरची धूळ उडायची. हमीदभाई मात्र उंच. मांडवात शिरताना आधी मान वाकवायचे, मग खांदे, मग उरलेले हमीदभाई आत यायचे. पिकलेली बारीक दाढी, राखाडी सफारी, वरच्या खिशात भिंग पुसायचा मऊ फडका. त्या फडक्यानं त्यांनी कधी स्वतःचा घाम पुसला नाही. घामासाठी बाही होती.

फ्लॅशवर त्यांचा राग होता. "तोंडावर टॉर्च मारून चोर ओळखतेत, दिगू. नवरी न्हाई." मग असेल त्या उजेडात फोटो काढायचा हट्ट आला, आणि असेल तो उजेड मोजायची कटकट आली.

"मशीन मूर्ख न्हाई," ते म्हणायचे, "पण राखेत जन्मलेलं हाय." म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातल्या मीटरला सगळी दुनिया राखाडी वाटते. चुन्याची भिंत दाखवा, ते म्हणतं एवढा उजेड कसा, आणि भिंत मळकी काढतं. म्हैस दाखवा, ते म्हणतं एवढा अंधार कसा, आणि म्हैस साबणानं घासल्यासारखी उजळ करतं. म्हणून माणसानं उलटं वागायचं. पांढऱ्याला उजेड वाढवायचा, काळ्याला कमी करायचा. त्यासाठी अंगठ्याखाली एक चाक असतं. ते फिरवण्याला हमीदभाई मशीनचा कान पिळणं म्हणत. आमच्या धंद्यातली निम्मी माणसं ते चाक कशाचं आहे हे न कळताच रिटायर झाली.

म्हशीवरून आठवलं. शिरूर अनंतपाळकडच्या बापूरावांनी पोराच्या लग्नात अट घातली होती, की अल्बमच्या पहिल्या पानावर नवरदेव आणि म्हैस एकत्र पाहिजेत. म्हैस साधी नव्हती. मी पाहिलेल्या म्हशींमध्ये ती सगळ्यात काळी. तिच्यापेक्षा तिची सावली गोरी दिसायची. आणि नवरदेव पांढऱ्याशुभ्र कोटात. एकाला जमवलं की दुसरं गेलं. मी म्हणालो, आता काढा. हमीदभाईंनी गोठ्याभोवती दोन चकरा मारल्या, वर सूर्य बघितला, आणि म्हशीला उन्हात उभं केलं. नवरदेवाला तिच्या शेजारीच, पण लिंबाच्या सावलीत. तेवढ्यात वरमाय तावातावानं आली.

"काय ओ, उन्हात उभी केली व्हय? गाभण हाय ती."

"अक्का, पोराला सावलीत ठेवलंय ना."

"पोराला काय हुतंय. तिला सावलीत घ्या."

"दोघं सावलीत गेले तर ती दिसणार न्हाई, अक्का. नुसती शिंगं दिसतील."

फोटो असा आला, की म्हशीच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता आणि नवरदेवाच्या कोटाची शिवणही. तो बघायला दहा गावची माणसं येऊन गेली. त्यांतली नऊ गावची म्हशीसाठी.

नवरीचं गणित मात्र अवघड. वर लाल-पिवळं कापड, कपाळावर मुंडावळ्या, अंगाला हळद, मागं काळ्याभोर केसांच्या करवल्या. मशीन गोंधळून जातं. तिथं हमीदभाई मशीनला काही विचारतच नसत. नवरीच्या गालापासून वीतभर अंतरावर ते आपला डावा तळहात धरायचे, म्हणजे तिच्या तोंडावर पडतो तोच उजेड हातावर पडावा. मग नेमक्या त्या तळहाताचा उजेड मोजायचा, चाक तीन खुणा वर करायचं, आणि फोटो.

"माणूस गोरा असो का काळा," ते सांगायचे, "तळहात जवळपास सगळ्यांचे सारखे. वरून अल्लानं वेगवेगळे रंगवले, आतून एकच डबा वापरला."

निलंग्याच्या अलीकडच्या एका गावात ह्या हातानं पहिला घोटाळा केला. मुलीची दोनदा ठरलेली सोयरीक मोडली होती. आजी तिच्याजवळ पहाऱ्यावर बसल्यासारखी बसलेली. हमीदभाईंनी हात धरला. मोजताना आकडे पुटपुटायची त्यांना सवय होती, ओठ हलत होते.

"काय करायलाव ओ?" म्हातारीनं विचारलं.

"उजेड मोजायलोय, माय."

"हातानं?"

"आमी हातानंच मोजतो."

म्हातारीला जे दिसलं ते असं, की एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस नातीच्या तोंडाशी हात धरून मनात काहीतरी म्हणतो आहे. ती उठली आणि नवरदेवाला मनगटाला धरून घेऊन आली. "ह्येच्यावर बी मोजा."

त्या जोडप्याला वर्षाच्या आत जुळं झालं, आणि सासऱ्याच्या कोरड्या बोअरला पाणी लागलं. अजून एक गोष्ट झाली, ती मी सांगत नाही, कारण ती तुम्हाला खरी वाटणार नाही.

पुढच्या सीझनपासून फोन यायला लागले, "हातवाले फोटोवाले तुमीच का?" एका लग्नात गुरुजी मंगलाष्टकं म्हणायला तोंड उघडून बसले होते आणि नवरीचे मामा म्हणाले, थांबा, आधी हात होऊ द्या. गुरुजी तोंड उघडं ठेवूनच थांबले. माझ्या व्हिडिओत आहे.

"हे बरोबर न्हाई, दिगू," हमीदभाई येताना एसटीत म्हणाले. "मी काय पीर हाय का?"

"मग सांगा त्यांना."

"सांगितलं की. म्हणतेत, मोजा बाबा, पण मोजता मोजता पोरीला काही चांगलं बोला."

"मग?"

"मग काय. ती पोरगी मान वर करून बघायलीय. काही न बोलता हात काढून घेतला तर तिला कसं वाटंल?"

तेव्हापासून ते तळहात धरून आकडा घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "खुश रह, बेटा." सकाळपासून ताठ बसलेली मुलगी त्या दोन शब्दांनी सैल पडायची, आणि ती सैल पडली की हमीदभाईंचं बोट दाबलं जायचं. आमचे सगळे चांगले फोटो त्या एका क्षणाचे आहेत. ही दुवा होती की धंद्याची युक्ती, हे मी एकोणीस वर्षांत त्यांना विचारलं नाही. उत्तर काही आलं असतं तरी माझी पंचाईत झाली असती.

मग फोटो अंधारायला लागले.

अल्बम लावायचं काम माझं, म्हणून आधी मला दिसलं. सुरुवातीला किंचित. मी कॉम्प्युटरवर उजळून टाकायचो आणि बोलायचो नाही. नंतर त्यांनाही दिसायला लागलं. नवरी मुलींचे चेहरे दिवेलागणीला काढल्यासारखे, आणि लग्न भर दुपारचं. हमीदभाईंनी मशीनला दोष दिला. कॅमेरा हैदराबादला पाठवला. तो वीस दिवसांनी परत आला, सोबत चिठ्ठी, की काही बिघाड नाही. दुसरा कॅमेरा घेतला, तोही अंधारे फोटो काढायला लागला. मग त्यांनी डोळे तपासून घेतले आणि गरज नसताना नवा चष्मा केला.

एका सकाळी दुकानाच्या दारात ऊन आलं होतं. ते म्हणाले, "दिगू, हात दे."

मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या तळहाताचा उजेड मोजला. मग त्याच जागी स्वतःचा हात धरून त्याचा मोजला. परत माझा. परत त्यांचा. आमच्या दोन हातांत दोन खुणांचा फरक होता. तेच ऊन, तोच कॅमेरा. पूर्वी आमचे हात अगदी सारखे यायचे, आम्ही पैज लावून पाहिलेलं होतं.

त्यांनी चष्मा काढला आणि हात तोंडाजवळ नेला. बोटांच्या बुडाशी आणि मनगटाकडे कातडी पांढरी झाली होती. तळहात सगळ्यांचाच फिका असतो, म्हणून आजवर कुणाला ते दिसलं नव्हतं. त्यांना नाही, त्यांच्या बायकोला, शमीमभाबींना नाही, मला नाही. मीटरला मात्र दीड-दोन वर्षांपासून दिसत होतं. पांढऱ्या हाताला जास्त उजेड समजून ते इमानानं फोटो अंधारे काढत होतं. बिचारं सांगत होतं आणि आम्ही त्यालाच हैदराबादला पाठवलं.

"कोड हाय," हमीदभाई म्हणाले. दहाची एसटी गेली असं सांगावं तसं म्हणाले. मग चष्मा घातला. "म्हणजे तीन न्हाई, आता पाच खुणा द्यायच्या."

आणि खरंच, त्या आठवड्याच्या लग्नात त्यांनी पाच दिल्या आणि फोटो स्वच्छ आले. कातडीच्या डॉक्टरनं सांगितलं, हा संसर्ग नाही, ह्यानं कुणाला काही होत नाही, दुखत नाही. मलम दिलं. मलम भाबी लावायच्या. हमीदभाई लावून घ्यायचे तेवढंच. त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. मी त्यांना राखाडी रंगाचं एक पुठ्ठं आणून दिलं होतं, उजेड मोजायला तसलं पुठ्ठं मिळतं. ते हातात धरलं की तळहाताची गरजच नाही.

"हे वापरा," मी म्हणालो.

"पुठ्ठ्याकडं बघून पोरगी हसती का?"

पुठ्ठं त्यांनी वापरलं ते हात मोजायला. दर शुक्रवारी नमाजला जायच्या आधी दारातल्या उन्हात पुठ्ठ्याचा उजेड घ्यायचे, मग तळहाताचा, आणि फरक कॅमेऱ्याच्या बॅगेच्या झाकणावर आतून बॉलपेननं लिहायचे. पाच. पाच. पाच. मग सहा. आपला आजार असा मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी समोर बसून अल्बमची पानं लावत असायचो. मला वाईट वाटायला हवं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, त्यानंतर जीभ गालाला लागली तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मी विचारायचो, "आज किती?" ते सांगायचे. मी "हं" म्हणायचो.

तळहातात होतं तोवर ते फक्त आमचं होतं. मग बोटांवरून वर आलं, हाताच्या पाठीवर. तिथं कातडी सावळी, तिथं लपायला जागा नाही. उदगीरकडच्या एका मांडवात त्यांनी हात धरला तेव्हा नवरीच्या चुलतीनं तिच्या तोंडावरून पदर पुढं ओढला.

"लांबूनच करा, भाऊ."

"ह्यानं कुणाला काही होत न्हाई, ताई. डॉक्टरनं सांगितलंय."

"हाव, हाव. पण लांबूनच करा."

हमीदभाई लांब झाले. लांबून हात धरून काय उपयोग, तिथला उजेड वेगळा. त्यांनी मला बोलावलं. "दिगू, तुझा हात दे." मग मी नवरीच्या गालाशी माझा तळहात धरला, आणि ते आठ फुटांवरून त्याचा उजेड मोजत राहिले. पुढची काही लग्नं आम्ही अशीच काढली. माझ्या हाताकडं कुणी दुवा मागितली नाही. एकदा मी आपणहून "खुश राहा" म्हणून पाहिलं, तर नवरीनं मी पाण्याची बाटली मागितल्यासारखं करवलीकडं पाहिलं. हमीदभाई त्यावर पोट धरून हसले. ते मी पाहिलेलं त्यांचं शेवटचं मोठं हसू.

मग बापूरावांचा फोन आला. तेच, म्हशीवाले. आता लेकीचं लग्न होतं.

"दिगंबरराव, तुमीच या औंदा. फोटो बी तुमीच काढा. हमीदभाईंना कशाला तरास, वय झालं त्यांचं."

"वय काही झालं नाही त्यांचं."

"तसं न्हाई ओ. तुमाला समजतंय की. मला काही न्हाई, मी त्यांच्या ताटात बी जेवलो. पण व्याही नवीन हायेत. नवरीपाशी जाणार, हात धरणार, पाव्हण्यांत चर्चा हुती. लेकीचं हाय, दिगंबरराव."

हमीदभाई समोरच बसले होते, चार फुटांवर. भिंग पुसत होते. फोनमधला आवाज त्या दुकानात कुणाला ऐकू आला नाही असं होणं शक्य नव्हतं. मी एका म्हशीवर दोन तास बोलू शकतो. मला त्या वेळी म्हणता आलं असतं, की ते येणार नसतील तर मीही नाही. म्हणता आलं असतं, की तुमच्या घरातलं पहिलं पान त्यांनी काढलंय. मी म्हणालो, "बरं."

फोन ठेवला. काही वाटलं नाही. बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं, ते ऐकत बसलो.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"बापूराव. लेकीचं हाय."

"मांडव कुठं घालणार?"

"घरापुढंच."

त्यांनी मान हलवली. भिंग पुसून झालं होतं, ते त्यांनी माझ्या बॅगेत ठेवलं. मग दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या, मग त्यांचा कॅमेरा. मी कधी निघू, आपण किती वाजता निघू, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पट्टा गळ्यात घाल. पाडशील."

महिन्याभरात ते नांदेडला गेले. लेक तिथं दिलेली. जावयाचं कुठल्याशा सरकारी कचेरीसमोर ओळखपत्राचे फोटो आणि फॉर्म भरायचं दुकान आहे. भाबींच्या गुडघ्याला नांदेडचा डॉक्टर मानवतो, असं कारण सांगितलं. मी "बरं" म्हणालो. त्या शब्दाची मला सवय लागली होती.

सात-आठ महिन्यांनी मी नांदेडला गेलो. पासपोर्टला फोटो पाहिजे असं निमित्त काढलं. मला पासपोर्ट कशाला लागतो ते मलाही सांगता आलं नसतं. दुकानात मागं पांढरा पडदा, समोर लोखंडी स्टूल, दोन्ही बाजूंना छताला ठोकलेले दोन दिवे आणि स्टँडवर पक्का बसवलेला कॅमेरा. हमीदभाईंच्या हातांत पांढरे सुती हातमोजे होते. कार्डावर बोटांचे ठसे उमटतात म्हणून जावयानं दिलेत, म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

"इथं मीटर?" मी विचारलं.

"कशाला? दिवे हालत न्हाईत, पडदा हालत न्हाई. सकाळी एकदा लावलं, की संध्याकाळपतूर तेच." त्यांनी मला स्टुलावर बसवलं, फोटो काढला, आठ प्रती छापल्या आणि कात्रीनं कापल्या. कापताना मोजा अडखळत होता. चहा मागवला. भाबींचे गुडघे, दुकानाचं भाडं, नव्या पोरांचे ड्रोन, सगळं बोलून झालं. मग कपात बघत म्हणाले, "बापूरावाच्या लेकीचं कसं झालं?"

"झालं चांगलं."

"मांडव पश्चिमेला?"

"हाव. दुपारचं लग्न. तिरपं ऊन आत येत होतं."

"कापड?"

"पिवळं. मागं लाल झालर."

"चेहऱ्याला किती दिलंस?"

"तीन खुणा."

"हात कुणाचा?"

"माझाच."

त्यांनी डोळे मिटले. तो मांडव त्यांनी पाहिलेला नव्हता, पण मला वाटतं त्या वेळी पाहिला. मुलगी कुठं बसली, ऊन कुठून आलं, सगळं. "पिवळ्याखाली तीन," ते म्हणाले. "कमी पडलं असंल. चेहरे अंधारले असतील."

फोटो उत्तम आले होते. नवरीचा एक मोठा करून बापूरावांनी पुढच्या खोलीत लावला आहे.

"अंधारले," मी म्हणालो. "सगळेच."

"वाटलंच." त्यांनी कप खाली ठेवला. "चार द्यायचं होतंस."

"हाव."

"आता उजळता येतील का?"

"बघतो."

तेवढ्यात एक बाई फॉर्म घेऊन आत आल्या. हमीदभाई उठले, मोजे नीट ओढले आणि स्टूल पुसलं. "बसा, ताई. पदर कानामागं. हनुवटी जराशी खाली." मग स्टँडपाशी जाऊन वाकले, एक डोळा लावला, आणि तसेच थांबले.

"दिगू," ते मान न वळवता म्हणाले, "जरा बाजूला हो. तुझी सावली पडायलीय."